मुनव्वर फारुकी: डोंगरीचा पोरगा, इंदूरचा तुरुंग आणि विनोदाची मर्यादा

मुनव्वर फारुकी हे नाव आज आपल्या बहुतेक घरांत माहीत आहे. पोरांच्या मोबाईलवर त्याचे शो चालतात, ‘बिग बॉस’मुळे घरातल्या बायकाही त्याला ओळखतात. कुणी म्हणतं, ‘आपला पोरगा पुढे गेला.’ कुणी म्हणतं, ‘हे कसलं नाव कमावणं? लोकांना हसवून कुणाचं भलं झालंय?’ जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीबाहेर उभं राहिलं की ही दोन्ही मतं ऐकायला मिळतात.

आम्हाला वाटतं, त्याची गोष्ट एकदा नीट, सुरुवातीपासून समजून घेतली पाहिजे. कारण ती एका कॉमेडियनपुरती नाही. जीभ सैल सुटली तर काय होतं, न बोललेल्या शब्दासाठीही माणूस आत कसा जातो, कायदा काय सांगतो आणि आपल्यावर कुणी विनोद केला की आपण कसे वागतो, हे सगळं त्यात आहे.

जुनागड ते डोंगरी

मुनव्वरचा जन्म २८ जानेवारी १९९२ चा, गुजरातमधल्या जुनागडचा. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे ती दोनदा येणार आहे. घर गुजराती मुस्लिम, परिस्थिती बेताची. २००२ च्या दंगलीत आपलं घर उद्ध्वस्त झालं, असं त्याने सांगितलेलं आहे. शाळकरी वयातच आई गेली. तिने स्वतःचं आयुष्य संपवलं होतं, हे त्याने पुढे २०२२ मध्ये ‘लॉकअप’ या कार्यक्रमात पहिल्यांदा मोकळेपणाने सांगितलं. तोपर्यंत लोकांना हसवणाऱ्या या पोराच्या मनात एवढं काही साठलंय, याची बहुतेकांना कल्पना नव्हती.

पुढे तो वडिलांबरोबर मुंबईत डोंगरीला आला. वडील आजारी पडले आणि घराचा भार कोवळ्या वयात त्याच्यावर आला. भांड्यांच्या दुकानात काम, त्यासोबत जमेल तसं शिक्षण. नंतर तो ग्राफिक डिझाईन शिकला आणि त्यावर पोट भरू लागला. आपल्या मोहल्ल्यातल्या कितीतरी पोरांची कहाणी अशीच असते. दुकानात गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता बोलायची हातोटी येते आणि नाक्यावर मस्करी करता करता कुठे थांबायचं तेही कळतं. मुनव्वरच्या विनोदाचं भांडवल हेच होतं.

हा धंदा चालतो कसा?

स्टँड-अप म्हणजे एक माणूस, एक माईक आणि समोर बसलेले लोक. नाटकासारखा पडदा नाही, सोबतीला नट नाही. सुरुवात ‘ओपन माईक’पासून होते. एखाद्या कॅफेत किंवा छोट्या हॉलमध्ये नवख्यांना चार-पाच मिनिटं मिळतात. पैसे बहुतेक वेळा मिळत नाहीत, उलट कधी कधी आपल्याच खिशातून जातात. पाच मिनिटांत लोक हसले तर पुढच्या वेळी दहा मिनिटं मिळतात. असं करत करत तासाभराचा कार्यक्रम तयार व्हायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. तोच विनोद शंभर वेळा बोलून, शब्द मागे-पुढे करून घासावा लागतो. दुसरा प्रकार म्हणजे ‘क्राउड वर्क’. यात समोरच्या प्रेक्षकाला नाव-गाव विचारून त्यावर तिथल्या तिथे बोलायचं असतं. यात टाळ्या लगेच मिळतात, पण जीभ घसरायची भीतीही जास्त. मुनव्वरच्या बाबतीत पुढे तेच झालं.

यूट्यूबमुळे या धंद्याचं रूप बदललं. पूर्वी टीव्हीवाल्यांनी बोलावलं तरच माणूस घराघरांत पोहोचायचा. आता चांगला व्हिडिओ टाकला की लोक स्वतःहून येतात. मुनव्वरचा २०२० मधला ‘दाऊद, यमराज और औरत’ हा व्हिडिओ असाच पसरला. डोंगरीत राहणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात, टॅक्सीवाला कसा बिचकतो, मुसलमान नाव ऐकलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, हे सगळं तो रडगाणं न गाता हसत हसत सांगायचा. आपल्याला रोज टोचणारी गोष्ट कुणीतरी स्टेजवर उभं राहून बोलतोय, आणि हिंदू-मुसलमान दोघेही त्यावर एकत्र हसतायत, याचंच तरुणांना अप्रूप होतं.

१ जानेवारी २०२१: इंदूर

नववर्षाच्या पहिल्या दिवशी इंदूरच्या ‘५६ दुकान’ भागातल्या मुनरो कॅफेत त्याचा कार्यक्रम होता. तो सुरू होत असतानाच स्थानिक आमदाराचा मुलगा आपल्या साथीदारांसह तिथे आला आणि स्टेजवर चढला. आरोप होता, हिंदू देवदेवतांचा आणि केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांचा अपमान केल्याचा. त्या वेळचा व्हिडिओ उपलब्ध आहे. त्यात मुनव्वर आवाज न चढवता त्यांच्याशी बोलताना दिसतो. तरीही तक्रार झाली आणि पोलिसांनी त्याला अटक केली. त्याच्यासोबत कार्यक्रमाशी संबंधित इतर काही तरुणही आत गेले. त्यात हिंदू तरुणही होते, हे आपण विसरता कामा नये.

ज्या विनोदासाठी अटक झाली, तो त्या संध्याकाळी स्टेजवरून बोलला गेला याचा पुरावा कुठे होता? तक्रारदाराने दिलेल्या व्हिडिओत मुनव्वरने देवतांचा अपमान केल्याचं दिसत नाही, असं इंदूरच्या पोलीस अधिकाऱ्यानेच तेव्हा पत्रकारांना सांगितलं होतं.

खरी नाराजी जुनी होती. २०२० मधल्या त्याच्या एका व्हिडिओत हिंदू देवतांचा उल्लेख होता आणि त्यावरून उत्तर प्रदेशात प्रयागराजला गुन्हा दाखल झाला होता. इथे आपण प्रामाणिक राहायला हवं. त्या व्हिडिओने काही हिंदू बांधवांची मनं दुखावली असतील, तर ‘त्यात काय एवढं?’ असं आपण म्हणू शकत नाही. आपल्या आदरस्थानांबद्दल कुणी हलकं बोललं की आपल्याला काय वाटतं, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. पण एका जुन्या व्हिडिओची नाराजी म्हणून माणसाला दुसऱ्याच गावी, न झालेल्या विनोदासाठी तुरुंगात टाकणं, हे कुठल्या न्यायात बसतं?

३७ दिवस

खालच्या कोर्टाने जामीन नाकारला. सेशन्स कोर्टानेही नाकारला. मध्य प्रदेश हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाने २८ जानेवारी २०२१ रोजी अर्ज फेटाळला. समाजात सलोखा आणि बंधुभाव राखणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे, असं हायकोर्टाने निकालात म्हटलं. त्या दिवशी मुनव्वर २९ वर्षांचा झाला. वाढदिवस तुरुंगात.

मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. त्याच्या वकिलांनी दोन मुद्दे मांडले. एक, तक्रारीतले आरोप मोघम आहेत. दुसरा, अटक करताना सुप्रीम कोर्टानेच २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात घालून दिलेली पद्धत पाळलेली नाही. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने ५ फेब्रुवारीला अंतरिम जामीन दिला आणि प्रयागराजच्या वॉरंटलाही स्थगिती दिली. तरीही कागद पोहोचण्यावरून तुरुंगात घोळ झाला आणि ६ तारखेच्या रात्री उशिरा तो बाहेर आला. अटकेच्या दिवसापासून मोजले तर ३७ दिवस. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो जामीन कायम केला आणि वेगवेगळ्या ठिकाणचे गुन्हे इंदूरला वर्ग केले.

कायदा काय सांगतो?

हे प्रकरण प्रत्येक घराने समजून घ्यावं असं आहे, कारण आज कॉमेडियन नसलेला पोरगाही रोज रील टाकतो, स्टेटस ठेवतो, मेसेज पुढे पाठवतो.

मुनव्वरवर लावलेलं मुख्य कलम भारतीय दंड संहितेचं २९५-अ होतं. धार्मिक भावना दुखावण्याचं हे कलम १९२७ मध्ये इंग्रजांनी आणलं, आणि ते आणण्यामागे आपल्या प्यारे नबी (स.) यांच्याबद्दल लिहिलेल्या एका बदनामीकारक पुस्तकावरून लाहोरमध्ये उठलेलं वादळ होतं. म्हणजे मुसलमानांच्या दुखावलेल्या भावनांमधून आलेलं कलम आज मुसलमान पोरावरही लागतं. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हेच कलम २९९ म्हणून आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कलमाच्या शब्दांप्रमाणे नुसतं कुणाला वाईट वाटलं एवढ्याने गुन्हा होत नाही. अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असावा लागतो. पण हेतू होता की नव्हता हे ठरतं खटल्यात, आणि अटक होते त्याच्या कितीतरी आधी. गुन्हा अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस ठाण्यातून जामीन हक्काने मिळत नाही, कोर्टात मागावा लागतो. शिक्षा नंतर होवो न होवो, त्रास आधीच होतो.

अर्नेश कुमार निकाल नेमका इथे उपयोगी पडतो. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी गुन्हा नोंदला म्हणून सरसकट अटक करायची नाही. अटकेची गरज का आहे याची कारणं लिहावी लागतात. गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम ३५ मध्ये आहे.

घरातल्या मोठ्यांनी एवढं लक्षात ठेवावं:

- नोटीस आली तर घाबरून पळू नये. वकिलाला दाखवून, ठरलेल्या दिवशी हजर राहावं. नोटीस टाळली तर अटकेला कारण मिळतं.
- अटक झाली तर अटकेचं कारण सांगणं, घरच्यांना कळवणं आणि २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत.
- वकिलाला भेटण्याचा हक्क घटनेनेच दिला आहे. पैसे नसतील तर कोठडीतल्या कुठल्याही माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.
- पोस्ट चुकीची गेली असेल तर आधी वकिलाशी बोलावं, मगच जाहीर काही लिहावं. रागाच्या भरात टाकलेली दुसरी पोस्ट पहिलीपेक्षा महाग पडते.

बाहेर आला, पण दारं बंद

जामिनावर सुटून आल्यावरही सगळं सुरळीत झालं नाही. त्याचे शो ठरायचे, तिकिटं विकली जायची, मग धमक्या यायच्या आणि हॉलवाले मागे हटायचे. २८ नोव्हेंबर २०२१ ला बंगळुरूचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. मुनव्वर ही वादग्रस्त व्यक्ती असल्याचं सांगत पोलिसांनीच आयोजकांना शो न करण्याचं पत्र दिलं होतं. ६०० हून अधिक तिकिटं गेली होती. दोन महिन्यांत रद्द झालेला तो बारावा कार्यक्रम असल्याचं त्याने लिहिलं आणि आपण आता थकलो, असं म्हणून लोकांचा निरोप घेतला.

तो वाचून आपल्यातल्या कित्येकांना गलबलून आलं होतं. पण माणूस थांबला नाही. २०२२ मध्ये तो ‘लॉकअप’मध्ये गेला. सूत्रसंचालक होती कंगना रनौत. दोघांचे विचार दोन टोकांचे, तरी मे महिन्यात तोच जिंकला. त्याच वर्षी २० ऑगस्टला हैदराबादला त्याचा शो झाला, तोही एका आमदाराच्या धमक्यांनंतर, कडक पोलीस बंदोबस्तात. पुढच्याच आठवड्यात दिल्लीत मात्र पोलिसांनी परवानगी दिली नाही. तोच माणूस, तेच विनोद. एका शहरात सरकारने बंदोबस्त दिला म्हणून कार्यक्रम झाला, दुसऱ्या शहरात परवानगीच मिळाली नाही. कायदा-सुव्यवस्था राखायची म्हणजे धमकी देणाऱ्याला रोखायचं की ज्याला धमकी मिळाली त्यालाच घरी बसवायचं, हा प्रश्न त्यातून उरला.

मग २८ जानेवारी २०२४. ‘बिग बॉस १७’ची अंतिम फेरी आणि त्याचा ३२ वा वाढदिवस. तीन वर्षांपूर्वी याच तारखेला हायकोर्टाने जामीन नाकारला होता. या वेळी त्याने ट्रॉफी उचलली, ५० लाखांचं बक्षीस मिळालं आणि डोंगरीत त्याला बघायला रस्ते भरून माणसं उतरली. त्याच कार्यक्रमात त्याच्या खासगी नात्यांवरून बरीच टीकाही झाली. त्याला ‘कौमचा हिरो’ म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी तीही आठवणीत ठेवावी. कलाकाराचं कौतुक वेगळं आणि त्याच्यासारखं जगायचं ठरवणं वेगळं. २०२५ मध्ये ‘फर्स्ट कॉपी’ या वेब मालिकेत तो नट म्हणूनही दिसला. नव्वदच्या दशकातल्या मुंबईत सिनेमांच्या चोरट्या नकला विकणाऱ्यांची ती गोष्ट आहे.

विनोद आपल्यावर आला तेव्हा

ऑगस्ट २०२४ मध्ये जे झालं, ते आपल्या महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरांना सगळ्यांत जास्त लागलं. एका शोमध्ये प्रेक्षकांशी गप्पा मारताना मुनव्वर कोकणी लोकांबद्दल बोलला आणि बोलता बोलता शिवीही हासडली. ते लोक फसवतात असा त्याचा सूर होता. क्लिप पसरली. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातली माणसं भडकली. त्यात हिंदू होते तसे आपले कोकणी मुसलमानही होते. राजकीय नेत्यांनी इशारे दिले. १२ ऑगस्टला मुनव्वरने व्हिडिओ टाकून माफी मागितली. बोलण्याच्या ओघात ते आलं, कुणाचं मन दुखवायचा हेतू नव्हता, असं त्याने सांगितलं.

आम्हाला इथे थोडं थांबावंसं वाटतं. इंदूरच्या वेळी आपण काय म्हणत होतो? ‘विनोदच तर आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?’ आणि कोकणावर आलं तेव्हा? आपल्यातलेच काही जण ‘याला बघून घेतलं पाहिजे’ म्हणत होते. दुसऱ्याचं दुखणं हसण्यावारी न्यायचं आणि आपल्यावर आलं की हात उगारायचा, हे दोन मापांनी तोलणं झालं. मापात खोट करणाऱ्याला आपल्या दीनमध्ये केवढी ताकीद आहे, ते सांगायला नको.

माप एकच हवं. कुणाच्या श्रद्धेची, गावाची, जातीची टिंगल झाली तर ते चूक, मग ते राम-सीतेबद्दल असो वा कोकणी माणसाबद्दल. आणि त्या चुकीला उत्तर बोलून, लिहून, निषेध करून, फार तर कायद्याच्या सरळ वाटेने द्यायचं. धमकीने नाही, आणि ३७ दिवसांच्या कोठडीनेही नाही. कोकणाच्या बाबतीत लोक बोलले, त्याने ऐकलं आणि माफी मागितली. माफी मागितल्यावर मोठ्या मनाने ती स्वीकारणं, हा झाला सुज्ञ माणसांचा निकाल. इंदूरलाही प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं, तर किती बरं झालं असतं.

हसणं आणि दीन

‘इस्लाममध्ये हसणं-हसवणं बसत नाही’ असं काही जण म्हणतात. ते तसं नाही. प्यारे नबी (स.) सहाबांशी गंमत करायचे. एकाने सवारीसाठी उंट मागितला, तेव्हा त्यांनी त्याला उंटिणीचं पिल्लू देण्याची गोष्ट केली. तो बिचारा गोंधळला, पिल्लावर बसायचं कसं? मग त्यांनी उलगडा केला की प्रत्येक उंट हा कुठल्या ना कुठल्या उंटिणीचं पिल्लूच असतो. बघा, यात खोटं काही नाही, समोरचा दुखावला नाही आणि तो हसतच घरी गेला असेल. आणि सूरह हुजुरातमध्ये स्पष्ट हुकूम आहे की एका लोकांनी दुसऱ्या लोकांची थट्टा करू नये, कदाचित ज्यांची थट्टा होतेय तेच अधिक चांगले असतील. पुरुषांना सांगितलं आणि बायकांना वेगळं सांगितलं. टोपणनावं ठेवण्यालाही तिथेच मनाई आहे.

म्हणजे हसायला बंदी नाही, हिणवायला आहे. मुनव्वरचे सगळ्यांत चांगले विनोद आठवून बघा. त्यात तो स्वतःवर हसतो, आपल्या गल्लीवर हसतो, मुसलमान म्हणून सोसलेल्या संशयावर हसतो. तिथे कुणी दुखावत नाही, उलट समोरचा विचारात पडतो. आणि तो जिथे जिथे अडचणीत आला, तिथे बहुतेक वेळा विषय दुसऱ्याचा होता.

आपल्या घरातला एखादा पोरगा उद्या म्हणाला, ‘अब्बा, मला स्टेजवर जायचंय’, तर त्याला लगेच हाकलून लावू नका. त्याला म्हणा, आधी शिक्षण किंवा हातात एखादं काम ठेव, कारण या धंद्यात पहिली काही वर्षं पदरात फारसं पडत नाही. मुनव्वरच्याही हातात आधी ग्राफिक डिझाईनचं काम होतं, हे त्याला सांगा. जे बोलणार आहेस ते आधी घरात, अम्मीसमोर बोलून दाखव. आणि कुणावर बोलायच्या आधी स्वतःला विचार, तो माणूस पहिल्या रांगेत बसला असता तर तोही हसला असता का?

अम्मी हसली आणि पहिल्या रांगेतला तो माणूसही हसला, तर पोराला खुशाल स्टेजवर जाऊ द्या. इन्शाअल्लाह, तो कमावेल ते नाव तुम्हालाही मिरवावंसं वाटेल.